इंजिन वजा केल्यावर

रविवार उजाडला की हेमलता चौगुलेच्या कपाळाला आठी पडायची. रविवारी लॉगवाचन असायचं.

आता लॉगवाचन म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय तिचा वैताग कुणाला कळायचा नाही. कोल्हापुरात तेव्हा पेट्रोलची गाडी शोधावी लागायची. सगळं गाव विजेवर आलं होतं. रिक्षा आवाज न करता मागून यायच्या आणि एकदम कानाशी हॉर्न मारायच्या, तेवढाच काय तो गोंगाट उरला होता. पण गावात वीस-पंचवीस वेडे असे होते, की त्यांनी आपापल्या जुन्या पेट्रोल गाड्या पोटच्या पोरासारख्या जपल्या होत्या. कुणी मोठा टर्बो बसवलेला, कुणी सायलेन्सर बदललेला, तर कुणी गाडीच्या कॉम्प्युटरचं अख्खं डोकंच नव्यानं लिहून घेतलेलं. त्यांचा क्लब होता. आणि क्लबाचा रिवाज असा, की आठवडाभरात इंजिनानं पोटातून जे जे आवाज काढले त्यांचा लॉग रविवारी एकाच्या घरी टीव्हीवर लावायचा आणि सगळ्यांनी मांडी घालून तो वाचायचा, श्रावणात पोथी वाचतात तसा. ते घर बहुतेक वेळा चौगुल्यांचंच असायचं, कारण मंडळींना मिसळ हेमलताच्या हातची लागायची.

"थांब, थांब, निवास! जरा मागं घे. हितं बघ, हितं ठोका हाय!" बापू इंगवले ओरडले. बापूंचं फरशीचं दुकान होतं आणि त्यांना बारीक आवाजात बोलता येतं हे अजून कुणी सिद्ध केलेलं नव्हतं.

"तो ठोका नाही, बापू. इंजेक्टरची टिकटिक आहे," डॉक्टर पट्टणशेट्टी म्हणाले. हे दातांचे डॉक्टर.

"डॉक्टर, तुम्ही दाढा बघा की."

"दाढ ठणकते तेव्हाही माणूस असंच भलत्या जागी बोट दाखवतो."

आत कटाला फोडणी देताना हेमलतानं कपाळाला हात लावला. सकाळपासून ही चौथी वेळ. एकाच ठोक्यावर.

ठोका म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण ती ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका टोकाकडून शिस्तीत जळत जायला हवं. पण गाडीला ताकद यावी म्हणून टर्बोनं जास्तीची हवा कोंबली, की आतला दाब आणि उष्णता इतकी वाढते की जाळ पोचायच्या आधीच दुसऱ्या कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं. दोन लाटा एकमेकींवर आदळतात आणि पिस्टनच्या डोक्यावर बारीक हातोडी मारल्यासारखा आवाज होतो. तोच ठोका. फार वाढला तर पिस्टनला भोक पडतं. तो ऐकण्यासाठी इंजिनाला बाहेरून एक सेन्सर आवळलेला असतो. त्याच्या पोटात एक स्फटिक. स्फटिक हादरला की वीज तयार होते, ती कॉम्प्युटरला कळते, आणि कॉम्प्युटर पुढची ठिणगी किंचित उशिरा पाडतो. यालाच ही मंडळी टायमिंग मागं घेणं म्हणत. ठोका थांबतो आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पूर्वी एवढ्यावर भागायचं. पण आता गावात पेट्रोलचे पंप दोनच उरले होते, आणि त्यांच्या टाक्यांत पेट्रोल महिनोन्‌महिने शिळं होत पडायचं. त्यामुळे ठोक्याची धास्ती वाढली. निवास चौगुले एका फौंड्रीत इंजिनिअर होता. तिथे लोखंडाच्या ओतकामात भेग पडताना जो अगदी सूक्ष्म आवाज होतो, तो पकडायला एक नवी पातळ फिल्म आली होती. निवासनं तिचा तुकडा बोल्टखाली दाबून आपल्या लाल गाडीच्या इंजिनाला लावला. जुना सेन्सर एकच सूर ऐकणारा, ही फिल्म सगळंच ऐकणारी. आणि तिथेच घोडं अडलं. सगळंच ऐकू यायला लागल्यावर त्यातला ठोका ओळखायचा कसा?

मागच्या वर्षी एका संध्याकाळी तो हेच रडगाणं गात जेवत होता. हेमलता पेपर तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, इंजिन गोल गोल फिरतं ना? मग त्याचे स्वतःचे आवाज प्रत्येक फेरीत त्याच जागी येणार. हजारो फेऱ्यांची सरासरी काढा आणि ती वजा करा. जे फेरीला बांधलेलं नाही तेवढंच खाली उरेल."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं हे एकच वाक्य त्यानं पहिल्या फटक्यात ऐकलं. अर्धं जेवण टाकून तो कॉम्प्युटरवर जाऊन बसला. त्यातून जो प्रोग्रॅम तयार झाला, त्याला क्लबानं नाव दिलं चाळणी. चाळणीनं इंजिन वजा करायचं आणि उरलेल्यात ठोका शोधायचा. ठोका काढून घेतल्यावर जे राहतं त्याला सगळे चोथा म्हणत. फिल्मचे तुकडे सगळ्यांनी आपापल्या गाड्यांना लावले.

तिची बाकीची वाक्यं मात्र निवासच्या कानावरून वाहून जात. दिवसभर फौंड्रीच्या दणदणाटात राहून त्यानं एक सवय लावून घेतली होती. बायको बोलायला लागली की तो मान डोलवायचा आणि "हं" म्हणायचा. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद पडलाय, "हं". आईंच्या डोळ्यांना पाणी येतंय, डॉक्टरकडे न्यायला हवं, "हं". चार माणसांसमोर 'आमच्या हिला काय कळतंय' असं म्हणत जाऊ नका, मला लागतं ते, "हं". एकदा ती चिडून म्हणाली होती, "अहो, घराला आग लागलीय." त्यावरही "हं" म्हणून त्यानं पान उलटलं होतं.

त्यामुळे तिला बोलायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे त्याची लाल गाडी. तो कंपनीच्या बसनं जायचा आणि गाडीची गावातली रोजची चाल नोंदली जावी म्हणून तीच ती कॉलेजला न्यायची. काचा वर केल्या की ती मोकळी व्हायची. कधी इचलकरंजीच्या धाकट्या बहिणीशी, वसुधाशी, फोनवर बोलायची. कधी नुसतीच आपल्याशी बडबडायची. नवऱ्याला मनसोक्त शिव्या द्यायची, एखाद्या दिवशी रडूनही घ्यायची, आणि कॉलेजच्या फाटकापाशी डोळे पुसून चांगली ताजीतवानी होऊन उतरायची.

आणि दिवाळीपासून आक्रीत घडलं. निवास सुधारला. एका शनिवारी तिनं न सांगता नवा पंखा बसला. आईंना तो स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मंडळींसमोर त्यानं "हे हिला विचारा, हिचा विषय आहे" असं म्हटलं तेव्हा तर तिच्या हातातला झारा खाली पडायचा राहिला. वसुधाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, बाहेर काही भानगड नाही ना गं?" दोघी खूप हसल्या. पण हेमलता मनातून हरखली होती. न बोलता ओळखणारा नवरा आपल्यालाही मिळाला म्हणायचा, उशिरा का होईना.

या हरखण्यातच एक मोठा निर्णय अडकला होता. तिच्या संस्थेच्या रत्नागिरीच्या कॉलेजात प्राचार्याची जागा तिला देऊ केली होती. होय की नाही, ते येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. जागा निघणार अशी कुणकुण दिवाळीच्या आधी लागली तेव्हा तिनं गाडीत वसुधाला ठणकावून सांगितलं होतं, "मिळाली तर मी डोळे झाकून जाणार. इथं भिंतीशी बोलून थकले मी." आता मात्र तिचं मन मागे फिरलं होतं. माणूस एवढा बदलला, मग त्याला टाकून कशाला जायचं? तिनं जवळजवळ नाही म्हणायचंच ठरवलं होतं.

अशा वेळी त्या रविवारी बापूंनी खिशातून फोन काढला.

"ए, गंमत ऐका. चोथा तुम्ही फेकून देताय न्हवं? मी काल माझ्या गाडीचा चोथा फोनातल्या आवाज साफ करायच्या ॲपमध्ये घातला. काय निघालं बघा!"

आधी खरखर झाली. मग एका बाईचा स्वच्छ आवाज आला. बापूंच्या बायकोचा, मालनवहिनींचा. "...आगं, दुकान चालतंय ते माझ्या भावाच्या जिवावर. हे नुसतं गल्ल्यावर बसून फुगतंय. माल कुठला कुठं ठेवलाय ते तरी ठावं हाय का त्याला?"

बापूंनी एवढं पुढचं ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला आणि क्लबानं छप्पर उडेल एवढं हसून घेतलं.

"यात चमत्कार काही नाही," हसू ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले. "आपण बोललो की पुढची काच थरथरते, डॅशबोर्ड थरथरतो. ती थरथर इंजिन ज्या रबरांवर बसवलंय त्यांतून खाली उतरते. एरवी इंजिनाच्या आवाजात ती बुडून जाते. आपण इंजिनच वजा केलं. मग राहिलं काय? माणसं राहिली."

मग एकेकाचं हसू मावळायला लागलं. क्लबाचा दुसरा रिवाज असा होता, की लॉग कच्चाच पाठवायचा, काही न कापता, सगळ्यांना. त्याचा केवढा अभिमान! म्हणजे सगळ्यांच्या गाड्यांतलं वर्षभराचं बोलणं सगळ्यांच्या घरी जाऊन बसलं होतं.

"आयला, माझ्या गाडीत सासू असती," कुणीतरी पुटपुटलं.

"निवासराव," डॉक्टरांनी चष्मा वर केला, "तुमचे लॉग मात्र दिवाळीपासून निराळे दिसतात. चोथा आधीच काढून घेतल्यासारखे. तुम्ही तर कापाकापीच्या विरुद्ध होता. हे कसं काय?"

"ते... फाइल फार मोठी व्हायची," निवास म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

कटाचं पातेलं घेऊन हेमलता दारात उभी होती. सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. एक तिचा नवराच तेवढा चकित झालेला नव्हता. दिवाळीपासून, असं डॉक्टर म्हणाले. पंखा दिवाळीनंतरचा. डोळ्यांचे डॉक्टर दिवाळीनंतरचे. तिनं पातेलं टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना कट वाढला. फिजिक्सच्या बाईनं नुसत्या संशयावर निष्कर्ष काढायचा नसतो. प्रयोग करायचा असतो.

सोमवारी गाडीत तिनं फोन न लावताच बोलायला सुरुवात केली. "वसू, एक सांगू? ह्यांनी मिशी काढली ना, तर दहा वर्षांनी लहान दिसतील बघ. मला मेली ती मिशी कधी आवडलीच नाही."

हे धादांत खोटं होतं. निवासची मिशी झुपकेदार, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. बघायला आला होता तेव्हा तिला पहिल्यांदा आवडली होती ती मिशीच. आणि त्याचा तर त्या मिशीत जीव होता. वडील गेले तेव्हा चालरीत म्हणून काढावी लागली, तर पठ्ठ्या महिनाभर तोंडाला रुमाल लावून हिंडला होता.

मंगळवारी सकाळी निवास न्हाणीघरातून बाहेर आला तो नुसत्या ओठानं. मिशीखालची कातडी पांढरीफटक पडली होती. शाळेतलं पोर दिसत होता.

"उकडतंय फार," तो म्हणाला.

तिला आधी हसूच फुटलं. पाठोपाठ तळपायाची आग मस्तकाला गेली.

"बसा इथं. मिशी का काढली?"

"सांगितलं की. उकाडा."

"मला ती आवडत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच तर—" तो बोलून गेला आणि जागीच थिजला.

"मी? कुठं सांगितलं? कधी? या घरात?"

निवासनं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. खोटं बोलायचा त्याला सराव नव्हता, त्यामुळे सगळं एकदम बाहेर आलं. "पहिल्यांदा चुकून ऐकलं, हेमा. शप्पथ. ठोका शोधत होतो. तर तू वसुधाला सांगत होतीस, डोळे झाकून जाणार म्हणून. पायाखालची जमीन सरकली माझ्या. मग मी चोथा थेट फोनवर यायची सोय केली. रोज ऐकायचो."

"आणि मला विचारायला नाही आलात?"

"काय म्हणून विचारणार? मला ते जमत नाही. ठोका आला की टायमिंग थोडं मागं घ्यायचं, हे मला जमतं. पंखा म्हणालीस, पंखा बसवला. आईचं म्हणालीस, तिला नेलं. चार लोकांत बोलू नका म्हणालीस, सोडलं बोलायचं. सुधारलो की नाही मी? मग बिघडलं कुठं?"

खरी पंचाईत तिथेच होती. तो खोटं बोलत नव्हता. सुधारला होता. नवऱ्यानं ऐकावं म्हणून बायका जन्मभर धडपडतात आणि यानं ऐकलं होतं, अगदी मिशीपर्यंत. क्षणभर तिला कळेना, आपण नक्की कशासाठी भांडतोय.

तेवढ्यात तो म्हणाला, "तू हे तोंडावर सांगितलं असतंस, तर मला हे करावंच लागलं नसतं."

"तोंडावर?" हेमलताचा आवाज चढला. "अहो, पंख्याचं किती वर्षं सांगत होते मी? याच खुर्चीत बसून सांगत होते! गाडीत मी जे जे बोलले ते सगळं आधी तुमच्यासमोर बोललेय. शब्दन्‌शब्द. तेव्हा हं म्हणालात. तेच बोलणं काचेतून, रबरातून, इंजिनातून फिरून आलं, तेव्हा तुमच्या कानात शिरलं!"

"घरात आवाज फार असतात गं. कुकर, टीव्ही, आई. त्यातनं तुझं वेगळं काढता येत नाही मला," तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला. "चाळणीतनं नुसती तू येतेस."

दुसरी वेळ असती तर हे वाक्य तिनं जन्मभर जपून ठेवलं असतं. आताही ते तिला आवडलंच, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

"मला मोकळं बोलायला एवढी एकच जागा होती, तीही तुम्ही घेतली," ती म्हणाली. "ती फिल्म आजच काढायची. जे काय साठवलंय ते पुसायचं. आणि शुक्रवारी मला कळवायचंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी जाऊ नये असं वाटत असेल तर तसं म्हणा. तोंडानं. माझ्याकडं बघून."

निवासनं तोंड उघडलं. बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. "संध्याकाळी बोलू," म्हणून तो डबा घेऊन पळाला.

संध्याकाळी तो खरंच समोर येऊन बसला. गुडघ्यांवर हात, पाठ ताठ, दाढ काढून घ्यायला आल्यासारखा. "बोल," म्हणाला. ती बोलली. एकटीनं नव्या गावात राहायची भीती वाटते, प्राचार्याची खुर्ची आपल्याला पेलेल की नाही कळत नाही, आणि तरीही कुठंतरी जावंसं वाटतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता इतका तो जीव लावून ऐकत होता. तिला त्याची दयाच आली. तिचं संपलं तेव्हा त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "यातला मुख्य बिघाड कुठला म्हणायचा?"

तिनं कपाळ बडवून घेतलं नाही एवढंच.

बुधवारी मालनवहिनींचा फोन आला. "वहिनी, आमच्यांना काय झालंय हो? काल दुकानात माझ्या भावाला नमस्कार केला. रात्री ताटं घासली. मला तर भ्याच वाटालंय."

एवढ्यावरून हेमलतानं ओळखलं. क्लबानं रविवारी घरी जाऊन लाजेनं लॉग पुसले नव्हते. एकेकानं दार लावून आपापल्या बायकोला ऐकलं होतं. गावातल्या वीस-पंचवीस बायकांना एका आठवड्यात चांगले नवरे मिळाले होते. मालनवहिनींना फसवायचं तिच्या जिवावर आलं. तिनं सगळं खरं सांगून टाकलं.

मालनवहिनींनी ते सगळं ऐकून घेतलं. मग मालनवहिनी म्हणाल्या, "म्हंजे मी गाडीत बोलले की ह्यांना ऐकू जातंय?"

"हो ना."

"मग काढायचं कशाला ते? ऱ्हाऊ दे की! आता बघाच, उद्या गाडीत बसून काय काय मागती ते." आणि त्या खदखदून हसल्या.

हेमलतानं फोन ठेवला. मालनवहिनींचं काही चुकत होतं असं तिला म्हणता येईना. सोपं होतं ते. गाडीत बसायचं, हवं ते हवेत बोलायचं, घरी आल्यावर ते झालेलं असायचं. भांडण नाही, वाट बघणं नाही. पण तिला ते नको होतं. तिला समोरचा माणूस हवा होता, आणि आपण फार काही मागतोय असं तिला वाटत नव्हतं.

तोपर्यंत क्लबात रणकंदन माजलं होतं. सगळ्यांनी सगळ्यांचे लॉग पुसायचे असं ठरलं, पण पुसण्याआधी प्रत्येकाला आपल्या गाडीचे तेवढे ठेवून घ्यायचे होते, आणि दुसऱ्यानं आधी पुसावं असा आग्रह होता. निवास बुधवार-गुरुवार दोन्ही संध्याकाळी फोनला चिकटलेला. गुरुवारी जेवायला बसला तेव्हाही फोन ताटाशेजारी.

हेमलता समोर बसली. कुकर गार झाला होता, टीव्ही बंद होता, आई शेजारी गेल्या होत्या. यापेक्षा शांत घर ती आणणार तरी कुठून?

"मी उद्या होकार कळवतेय," ती म्हणाली. "रविवारी रत्नागिरीला निघेन."

"हं," निवास म्हणाला. त्याची नजर फोनवर होती. "बापू अजून पुसायला तयार नाही बघ. अर्धी भाकरी दे."

तिनं त्याला अर्धी भाकरी वाढली. ओरडली नाही, ताट आपटलं नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

शुक्रवारी सकाळी अंगणातच तिनं संस्थेला होकार पाठवला आणि गाडीत बसली. काचा वर केल्या. कॉलेजच्या रस्त्याला लागल्यावर तिच्या छातीतून एक मोठा श्वास सुटला आणि जुन्या सवयीनं तोंडातून शब्द निघाले. "झालं एकदाचं. पाठवला होकार."

पुढच्या सिग्नलला पोचायच्या आत फोन वाजला.

"हेमा! कसला होकार? काय पाठवलंस?" मागून कंपनीच्या बसमधला गलका ऐकू येत होता.

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. 

"फिल्म काढली नाहीत तुम्ही."

"काढणारच होतो. बोल्ट गंजलाय, हेमा. जोर लावला तर इंजिनाच्या ब्लॉकमध्येच तुटेल. ते जाऊ दे, तू रत्नागिरीला—"

"काल रात्री सांगितलं मी. तुमच्यासमोर बसून. भाकरी मागितलीत तेव्हा."

पलीकडे बसचा गलका तेवढा राहिला. तो आठवत होता, आणि त्याला आठवत नव्हतं, हे तिला न बघताही कळलं.

"हेमा," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "जाऊ नको."

 आठवडाभर ती एवढ्याचीच वाट बघत होती. "हे मंगळवारी म्हणाला असतात ना, तर मी राहिले असते," ती म्हणाली. "खरंच राहिले असते. रागावून सांगत नाही."

"मग आता घरी ये. मी उतरतो बसमधून. तोंडावर म्हणतो. बघून म्हणतो तुझ्याकडं."

ती रडत होती आणि त्यातच तिला हसू आलं. या माणसाचं करायचं काय? "आता नाही. आता मी जाणार. तुम्हाला म्हणायचंच असेल तर रत्नागिरीला येऊन म्हणा. मी ऐकेन, आणि मग माझं मी ठरवेन. पण ही गाडी आणायची नाही. एसटीनं यायचं."

"एसटीनं? रत्नागिरीला कुठली एसटी असते? किती वाजता सुटते? कुठल्या फलाटावरनं—"

"मला विचारू नका," हेमलता म्हणाली. "स्टँडवर चौकशीची खिडकी आहे. तिथं जा, आतल्या माणसाला विचारा, आणि तो काय सांगतो ते नीट ऐकून घ्या."